कॉइलमधली वाळू आणि नकाशावरचा खोटा चढ

मेटल डिटेक्टर म्हटलं की आपल्यासमोर दोनच चित्रं येतात. एक मॉलच्या दारातला सुरक्षारक्षक, दुसरं यूट्यूबवर परदेशातल्या बीचवर नाणी शोधत फिरणारा माणूस. पण दांड्याच्या टोकाला असलेली ती गोल चकती, म्हणजे कॉइल, संशोधनातही वापरतात. वाळूत चुंबकीय खनिजं किती आहेत ते मोजणाऱ्या ससेप्टिबिलिटी मीटरचं फील्ड लूप असो, जमिनीची विद्युतवाहकता मोजणारं उपकरण असो, की वाळूत पुरलेले लोखंडी मार्कर पुन्हा शोधायला घेतलेला साधा डिटेक्टर असो, तत्त्व एकच आहे. तारेच्या वेटोळ्यातून बदलता प्रवाह सोडायचा, त्याचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाऊ द्यायचं आणि जमीन काय उत्तर देते ते टिपायचं.

पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या ज्युनिअर मंडळींशी उपकरणांबद्दल बोलणं निघालं की पहिला प्रश्न मॉडेलचा असतो. कोणतं चांगलं, केवढ्याला मिळतं, डिपार्टमेंटमध्ये आहे का. कॉइल कशी सांभाळायची हे सहसा कोणी विचारत नाही. ते लॅब असिस्टंटचं काम वाटतं. माझ्या मते किनाऱ्यावर काम करणार असाल तर कॉइलची देखभाल हा मेथडॉलॉजीच्या प्रकरणाचा भाग आहे, आणि तो प्रकरणात लिहिलेला दिसला पाहिजे. का, ते सांगतो.

आधी हे सांगायला हवं की छत्रपती संभाजीनगरात बसून किनाऱ्याची वाळू कशाला? मराठवाड्याला समुद्र नाही, पण ज्या खडकापासून कोकणातली काळी वाळू येते तो खडक आपल्या पायाखालीच आहे. वेरूळची लेणी ज्या बेसॉल्टमध्ये कोरली आहेत त्याच दख्खनच्या लाव्हाथरांनी कोकणचा मोठा भाग व्यापला आहे. या बेसॉल्टमध्ये लोह आणि टायटॅनियमची ऑक्साइड खनिजं असतात. खडक झिजला की ती सुटतात, आणि जड असल्यामुळे पाणी त्यांना हलक्या कणांपासून वेगळं करतं. पहिला जोरदार पाऊस झाला की रस्त्याच्या कडेला वाळूत काळ्या रेघा उमटतात, त्या बघा. साध्या स्पीकरमधलं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्या रेघेवरून फिरवा. पिशवीला काळी लव चिकटेल. तो मुख्यतः मॅग्नेटाइटच्या कुळातला माल. पैठणला गोदेच्या वाळूतही हा प्रयोग जमतो.

कोकणात हेच काम लाटा करतात, आणि फार मोठ्या प्रमाणावर. रत्नागिरीच्या उत्तरेला मालगुंड, नेवरे, काळबादेवी, मिऱ्या या पट्ट्यातल्या पुळणींवर काळ्या वाळूचे थर दिसतात. त्यात इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट दोन्ही असतं. गोव्यात दोना पावला इथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७० च्या दशकात रत्नागिरीसमोरच्या समुद्रतळावरच्या इल्मेनाइटचा अभ्यास केला होता, म्हणजे हा विषय आपल्याकडे जुना आहे. इथे एक बारकावा लक्षात ठेवा. साध्या चुंबकाला मॅग्नेटाइट लगेच चिकटतं, इल्मेनाइट जवळजवळ चिकटत नाही. त्यामुळे ‘काळी वाळू म्हणजे चुंबकीय वाळू’ असं सरसकट लिहू नका. व्हायवाला हा प्रश्न येतोच.

आता कॉइल. साध्या डिटेक्टरच्या चकतीत दोन वेटोळी असतात, एक पाठवणारं आणि एक ऐकणारं. ती एकमेकांवर अशा बेताने बसवलेली असतात की समोर काहीच नसताना पाठवणाऱ्याचा आवाज ऐकणाऱ्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. याला इंडक्शन बॅलन्स म्हणतात. सगळी संवेदनशीलता या तोलावर उभी आहे. तोल किंचित ढळला तरी उपकरणाला वाटतं की जमिनीत काहीतरी आहे. वेटोळी जागची हलू नयेत म्हणून ती इपॉक्सीत गोठवतात, आणि आतून बहुधा ग्राफाइटसारख्या वाहक थराचं कवच देतात, म्हणजे ओल्या जमिनीचा स्पर्श झाला तरी विद्युतधारितेमुळे खोटा सिग्नल येऊ नये. ससेप्टिबिलिटीच्या लूपमध्ये रचना थोडी वेगळी असते, पण तिथेही वेटोळ्याचा आकार आणि तापमान स्थिर राहणं हाच जीव आहे.

चकतीच्या खालच्या बाजूला प्लॅस्टिकचं कव्हर असतं. ते घासून झिजण्यासाठीच असतं. वाळूतलं क्वार्ट्झ मोह्स मापनावर ७ कठीण, त्यापुढे प्लॅस्टिक काहीच नाही. दोन-चार दिवस कॉइल वाळूवरून सरकवली की कव्हरवर पॉलिश पेपर मारल्यासारखं दिसतं. तिथवर ठीक, कव्हर बदलता येतं. खरी भानगड कव्हर आणि कॉइल यांच्यामधल्या फटीत आहे. ओली वाळू तिथे शिरते, वाळते, आणि बसून राहते. ती दोन प्रकारे त्रास देते. एक तर दोन प्लॅस्टिकच्या मध्ये ती कानशीसारखी काम करते. कव्हर हललं की आतून कॉइलचीच कातडी सोलली जाते, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की कव्हर आहे म्हणजे कॉइल सुरक्षित आहे.

दुसरा त्रास मोजमापाचा. कॉइलचं क्षेत्र तारेजवळ सगळ्यात जास्त आणि तिथून दूर जाताना झपाट्याने कमी होतं. त्यामुळे जमिनीत दहा सेंटिमीटर खाली असलेल्या मूठभर काळ्या वाळूपेक्षा कव्हरमध्ये अडकलेली चिमूटभर काळी वाळू जास्त मोठा आवाज करू शकते. एखादं सामान्य पांढरं, शिंपल्यांच्या चुऱ्याचं पुळण असतं तर फार बिघडलं नसतं. पण रत्नागिरीच्या पट्ट्यात आपण मोजायला गेलोय तीच गोष्ट कॉइलच्या पोटात भरून फिरतोय.

अडकलेली वाळू एका जागी घट्ट बसली तर उपकरण शून्यावर आणताना ती हिशेबात जाते, म्हणजे निदान त्या दिवसापुरती निरुपद्रवी. ती आत इकडेतिकडे सरकत असेल तर रिडिंग अचानक उड्या मारतं, आणि हेही एका अर्थी बरं, कारण उडी दिसते. घातक प्रकार तिसरा. वाळू हळूहळू साठत जाते आणि रिडिंग हळूहळू चढत जातं.

समजा तुम्ही पुळणीच्या उत्तर टोकाला सकाळी सुरुवात केली. दर वीस मीटरला एक रिडिंग घेत दुपारपर्यंत दक्षिण टोकाला पोचलात. कॉइलमध्ये वाळू साठत होती, ऊन वाढत होतं, रिडिंग वर सरकत होतं. संध्याकाळी लॉजवर बसून आलेख काढला तर सुंदर चढ दिसणार: दक्षिणेकडे चुंबकीय खनिजं वाढत जातात. त्यावर लगेच स्पष्टीकरणही सुचतं. किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे जड खनिजं वाहून नेतो, वगैरे. ते इतकं पटण्यासारखं वाटतं की पेपरही लिहून होईल. प्रत्यक्षात नकाशावर पुळण उमटलेली नसते, घड्याळ उमटलेलं असतं. वेळेतला बदल जागेतल्या बदलाचं सोंग घेऊन आलेला असतो.

यात उन्हाचा वाटा किती? तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३९ टक्के वाढतो. सकाळी २५ अंशांवर असलेली कॉइल दुपारच्या उन्हात ५५ अंशांपर्यंत तापली, आणि काळं प्लॅस्टिक तेवढं सहज तापतं, तर तारेचा रोध जवळपास १२ टक्क्यांनी बदलतो. शिवाय इपॉक्सी प्रसरण पावतं, वेटोळ्याचा आकार सूक्ष्म का होईना बदलतो. चांगली उपकरणं यातला बराच भाग आतल्या आत सावरून घेतात, पण सगळा नाही. म्हणून उपकरण सुरू करून दहा-पंधरा मिनिटं सावलीत तसंच ठेवायचं आणि मग काम सुरू करायचं. छत्री न्या. लोक हसतील, हसू द्या.

तापलेली कॉइल ‘जरा थंड करू’ म्हणून थेट पाण्यात बुडवणं हे मात्र कटाक्षाने टाळायचं. बाहेरचं कवच एकदम आकसतं, आतलं इपॉक्सी गरमच असतं, आणि जोडाला केसाएवढी चीर पडते. चिरेतून खारं पाणी आत गेलं की वेटोळ्यांमधली विद्युतधारिता बदलते आणि मग ती कॉइल कधीच पूर्वीसारखी वागत नाही. अशी चीर डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे: कॉइल नवी, कोरडी असताना किचनच्या वजनकाट्यावर तिचं वजन करून वहीत लिहून ठेवा. प्रत्येक फील्डवर्कनंतर धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा वजन करा. काही ग्रॅम वाढलेले दिसले आणि दोन दिवसांनीही उतरले नाहीत, तर पाणी आत आहे.

मिठाचं वेगळं प्रकरण आहे. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्याची विद्युतवाहकता ४ ते ५ सीमेन्स प्रति मीटरच्या आसपास जाते, म्हणजे विहिरीच्या गोड्या पाण्याच्या कितीतरी पट. त्यामुळे ओली पुळण स्वतःच एक मोठा, ढिसाळ वाहक असते. एका फ्रिक्वेन्सीवर चालणारा साधा डिटेक्टर कोरड्या वाळूवर शहाण्यासारखा वागतो आणि लाटेच्या रेषेवर गेला की कुरकुरायला लागतो. पल्स इंडक्शन प्रकारात उपकरण एक झटका देऊन काही मायक्रोसेकंद थांबतं. मिठाच्या पाण्यातले प्रवाह तेवढ्यात विरून जातात, धातूतले टिकतात. म्हणून किनाऱ्यावर तो प्रकार वापरतात. उपकरण कोणतंही असो, सर्व्हेच्या रेषा आखताना कोरडी वाळू आणि ओली वाळू यांच्यात मिसळ करू नका. रेषा लाटेला समांतर ठेवा, म्हणजे एका रेषेवर ओलावा साधारण सारखा राहतो.

यासाठी भरती-ओहोटीचं भान लागतं. कोकणातल्या जुन्या हिशेबाने तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. फॉर्म भरताना सरकारी तक्ता वापरा, पण एसटीत बसून बेत आखायला पाऊणपट पुरते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त मागे हटतं, तेव्हा खालचा पट्टा मोजायला मिळतो. भांगाच्या दिवसांत वरच्या कोरड्या पट्ट्याचं काम उरकून घ्यावं.

कॉइल साफ करण्याबद्दल मी थोडा हट्टी आहे. पाणी गोडं हवं. किनाऱ्याजवळच्या बऱ्याच विहिरींचं पाणी मचूळ असतं, त्याने धुतलं तर मीठ काढून मीठ लावल्यासारखं होतं. म्हणून पाच लिटरचा कॅन सोबत असावा. काम संपल्यावर कॉइल आधी सावलीत थंड होऊ द्यायची. मग कव्हर काढायचं. कव्हर न काढता वरून पाणी ओतणं म्हणजे वाळू आणखी खोल ढकलणं. दोन्ही भाग पाण्यात हलवून वाळू सुटू द्यायची, कपड्याने घासायचं नाही. घासलं की प्रत्येक कण ओरखडा काढतो. मऊ कपडा फक्त टिपायला. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर असलं काही लावायचं नाही, कारण बहुतेक कवचं एबीएस प्लॅस्टिकची असतात आणि ॲसिटोनने ती चक्क विरघळतात. हेअर ड्रायर नको, ऊन नको, पंख्याची हवा पुरे. काढलेल्या कव्हरमध्ये राहिलेली काळी पूड पिशवीतल्या चुंबकाने उचलता येते. ती फेकू नका, छोट्या डबीत ठेवा आणि तारीख घाला. कॉइलने दिवसभरात काय गिळलं त्याचा तो पुरावा आहे.

कव्हरची फट टेपने किंवा सिलिकॉनने कायमची बंद करावी असं काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. पाणी कुठूनतरी जातंच, आणि मग बाहेर यायला वाट राहत नाही. कडेने साधी इलेक्ट्रिक टेप लावावी, रोज संध्याकाळी काढावी. कव्हर बदलायचं तर सर्व्हेच्या मध्ये बदलू नये. नव्या आणि झिजलेल्या कव्हरच्या जाडीत मिलिमीटरभर फरक असला तरी कॉइल जमिनीपासून तेवढी वर उचलली जाते, आणि वर सांगितल्याप्रमाणे तारेजवळचा प्रत्येक मिलिमीटर महाग असतो. बदलावंच लागलं तर त्याच दहा जागी जुन्या आणि नव्या कव्हरने मोजा आणि फरक लिहा.

केबल आणि बोल्टबद्दल थोडक्यात. केबल दांड्याला वेलक्रोने घट्ट बांधा, कारण कॉइलजवळ लोंबणारी केबल हलली की तिचाही सिग्नल येतो. कॉइल केबलला धरून कधीच उचलू नका. बोल्ट नायलॉनचा असतो तो कॉइलजवळ धातू नको म्हणून. तो हरवला की हार्डवेअरच्या दुकानातला लोखंडी बोल्ट घालायचा नाही. तो आवळतानाही बोटांचाच जोर पुरे, पक्कड लावली की कॉइलचे कान तडकतात. कनेक्टर वाळूत उघडू नका. पिनांवर मिठाचा थर राहिला तर दमट हवेत तोच वाहक होतो आणि काही दिवसांत हिरवा गंज धरतो. आणि कॉइल वॉटरप्रूफ आहे याचा अर्थ वरचा डबा वॉटरप्रूफ आहे असा होत नाही. तो पॉलिथिनमध्ये ठेवा.

या क्षेत्रातली सगळ्यात प्रसिद्ध फसगत किनाऱ्यावर झालेली नाही, पण धडा हाच आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरात कुठे अडकली ते कळेना, तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलं इंडक्शन बॅलन्स घेऊन आले. आधीच्या चाचण्यांमध्ये उपकरण व्यवस्थित चालत होतं. १ ऑगस्टला राष्ट्राध्यक्षांच्या अंगावर मात्र एका मोठ्या भागात जिथे धरावं तिथे हलका आवाज येऊ लागला. नंतर कळलं की गादीखाली स्टीलच्या स्प्रिंगा होत्या. शिवाय डॉक्टर ब्लिस यांना गोळी उजवीकडे आहे अशी खात्री होती, त्यामुळे तीच बाजू तपासली गेली. शवविच्छेदनात गोळी डावीकडे सापडली. १९ सप्टेंबरला गारफील्ड गेले. कॉइलच्या जवळ नेमकं काय आहे हे माहीत नसेल तर चांगलं उपकरणही खोटं बोलतं.

मग खोटं पकडायचं कसं? दोन सवयी लावून घ्या. पहिली हवेतल्या रिडिंगची. दर पाच-दहा जागांनंतर कॉइल जमिनीपासून कंबरेएवढी उंच, धातूपासून दूर धरून रिडिंग घ्यायचं आणि वेळेसकट लिहायचं. समजा १०:०० ला हवेत ० आलं आणि १०:४० ला १२. मग १०:२० ला जमिनीवर ८५ आलं असेल तर त्यातले ६ वजा करायचे, खरं रिडिंग ७९. हे सरळ रेषेचं गृहीतक आहे, आणि ते मेथडॉलॉजीत लिहायचं. हवेतलं रिडिंग एकदम उडालं असेल तर मात्र हे गणित चालत नाही. तिथेच थांबून कव्हर उघडून बघायचं.

दुसरी सवय ठरलेल्या दगडाची. इथून जाताना बेसॉल्टचा एक सपाट तुकडा सोबत न्या. वाळू आणि ओल चिकटू नये म्हणून तो प्लॅस्टिकमध्ये सील करा, एका बाजूला मार्करने खूण करा. रोज सकाळी आणि संध्याकाळी लाकडी स्टुलावर ठेवून, तीच बाजू वर, कॉइल त्याला टेकवून रिडिंग घ्या. हवेतलं रिडिंग शून्य सरकलं का ते सांगतं, दगड उपकरणाची ताकद बदलली का ते सांगतो. दोन्ही लागतात. साध्या मेटल डिटेक्टरसाठी दगडाऐवजी ठरावीक अंतरावरचं एकच नाणं चालेल.

आणि पुळण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ मोजत जाऊ नका. जागांचे नंबर चिठ्ठ्या टाकून काढा, किंवा निदान एकाआड एक जागा जाताना आणि उरलेल्या येताना घ्या. पाय दुखतात, पण घड्याळाला नकाशावर उमटायची संधी मिळत नाही. जाताना आणि येतानाच्या आलेखांत चढ एकाच दिशेचा दिसला तरच त्यावर विश्वास ठेवावा.

परवानगीबद्दलही, कारण हे सिनॉप्सिसच्या आधी बघायचं असतं. किनाऱ्यावरचे कुलाबा, जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे किल्ले केंद्र संरक्षित आहेत. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढचा २०० मीटरचा नियंत्रित असतो, त्यामुळे तिथे डिटेक्टर घेऊन फिरण्याआधी आणि फावडं लावण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करा. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे: जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. वेळास, आंजर्ले, गुहागर इथे हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, तिथे वनखात्याला आणि गावातल्या कासवमित्रांना सांगितल्याशिवाय वाळू उकरायची नाही.

आता शेवटचा आणि सगळ्यात नावडता प्रश्न. संध्याकाळी कॉइल धुतली, वाळवली, दगडावर ठेवली आणि सकाळचं रिडिंग परत आलं नाही तर त्या दिवसाच्या डेटाचं काय करायचं? कोकणात पुन्हा जायचं म्हणजे रात्रभराचा प्रवास, लॉजचं भाडं, गाईडची सही. त्यामुळे हात डेटा वाचवण्याकडे जातो. माझा नियम असा: कव्हरमधून निघालेली वाळू परत घालून रिडिंग सकाळच्या संध्याकाळच्या फरकाएवढं बदलतं का ते बघायचं. बदललं, तर कारण सापडलं. हवेतली रिडिंग्स नियमित घेतलेली असतील तर तो दिवस दुरुस्त करून वापरता येतो, आणि दुरुस्ती तक्त्यात वेगळ्या रकान्यात दाखवायची, मूळ आकडे खोडायचे नाहीत. बदललं नाही, तर कॉइल दोन दिवस वाळवून वजन करायचं. वजन वाढलेलं असेल तर दगडाचं शेवटचं बरोबर आलेलं रिडिंग ज्या दिवसाचं, तिथपर्यंतचाच डेटा ठेवायचा. पुढचे दिवस पुन्हा मोजायचे. एसटीचं रिझर्व्हेशन तेव्हाच करून टाकावं, नंतर मन बदलतं.